मुलगे सुटले

माझ्या सासऱ्यांना आजार लागला तेव्हा मी त्या घरची सून नव्हते. नदीच्या या काठाला आमचं घर, पलीकडे त्यांचं, मध्ये कालवं धरायला पाण्यात रोवलेले बांबू. सासरे हिलारियोन म्हणजे त्या पाण्यातला सगळ्यांत दांडगा गडी. भरलेली होडी एकटा वाळूवर ओढायचा. चाळिशी गाठली नि त्याची मान डावीकडे वळायला लागली. लचक भरली असेल म्हणून बायकोने तेल चोळलं, वैदूला बोलावून धूर घातला. मग कंबर गेली. धुणं पिळावं तसं अंग पिळायचं, तोंड मिटायचं नाही, जीभ बाहेर यायची. हनुवटी हाताने धरून ठेवली तरच दोन शब्द बोलता यायचे. काही वर्षांत त्या दांडग्या माणसाचं चिपाड झालं, आणि एक दिवस पेजेचा घोट भलतीकडे गेल्याचं निमित्त होऊन तो गेला.

आमच्या कापिसच्या किनाऱ्यावर याला लुबाग म्हणतात. लुबाग म्हणजे पिळा. इथे त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येक वाडीत एखादं घर असतंच, ज्याच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली करतात.

दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. हा रोग पुरुषांनाच होतो आणि बायकांना कधीच होत नाही. त्यावरून लोकांनी तिसरी गोष्ट स्वतःच ठरवून टाकली, की तो बापाकडून मुलाकडे जातो. हिलारियोनचा मामा असाच पिळून मेला होता. मामा म्हणजे आईकडचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुरुष होता, तेवढं पुरे झालं. म्हणून आमच्याकडे म्हणायचे, त्या घरची मुलगी करावी, त्या घरात मुलगी देऊ नये.

हिलारियोनला तीन लेकरं. थोरला मुंदो, मधली नेल्फा आणि धाकटा रुफो, जो पुढे माझा नवरा झाला. मुंदोला मी मनोंग म्हणते, म्हणजे दादा, आणि नेल्फाला मनांग, म्हणजे ताई.

मनोंग मुंदोंचं गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या लुझवर प्रेम होतं. लुझचंही त्यांच्यावर होतं, हे सबंध गावाने पाहिलेलं. बाप गेला त्या वर्षी मनोंगनी तिला बोलावून सांगितलं की मी लग्न करणार नाही, तू वाट बघू नकोस. ती म्हणाली, होईल ते होईल. ते म्हणाले, माझ्या आईने काय उपसलं ते मी पाहिलंय, तुझ्याकडून मी ते करून घेणार नाही, आणि माझ्या पोरांच्या अंगात तर हे मुळीच घालणार नाही. ती पुष्कळ रडली, मग इलोइलोच्या एका कारकुनाशी लग्न करून निघून गेली. मनोंग होडी, जाळं आणि संध्याकाळची माडी एवढ्यावर राहिले. गाव त्यांना मान द्यायचं. माणूस असावा तर असा, स्वतःचं दुखणं स्वतःपाशी संपवणारा, असं पाद्रीबाबासुद्धा म्हणायचे.

रुफोमध्ये तेवढं बळ नव्हतं. त्यानेही एकदा मला सांगितलं की आपण थांबू. पण तोवर मला दिवस गेले होते. माझे वडील आधी कोयता घेऊन उभे राहिले, आणि माझं पोट दिसायला लागल्यावर त्यांनीच चर्चची तारीख काढली. मला दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा सुईण म्हणाली, मुलगा, आणि दोन्ही वेळा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मनांग नेल्फाचं तसं नव्हतं. तिला मागणी घालायला लोक आपणहून आले. आमादोची आई तर म्हणाली, हिलारियोनची पोरगी कामाला वाघ आहे आणि तिला त्या रोगाची बाधा नाही, आणखी काय पाहिजे? मनांगचा आवाज असा की ती या काठावर हसली की त्या काठावर कुत्री उठायची. कालवं फोडायला बसली की चार बायकांचं काम एकटी उरकायची आणि वर त्यांची टिंगल करायची. तिला दोन मुलगे झाले, रोमेल आणि बऱ्याच वर्षांनी दिंदो. दिंदोच्या बारशाला तिने पोर मनोंग मुंदोंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “तू बस भिऊन. बापाचं घर मी चालवते.” मनोंग हसले. त्या दिवशी सगळेच हसलो. त्या घराण्याला धोका नसलेले मुलगे मिळाले असंच आम्हाला वाटत होतं.

आणि मी माझ्या पोरांकडे बघत बसायची. अंगणात धावताना एखाद्याचा पाय वाकडा पडला की मी हातातलं काम टाकून उठायची.

मग मनिलाहून डॉक्टर आल्या. बाई होत्या, केस पिकलेल्या, आमची बोली अडखळत का होईना बोलणाऱ्या. गावोगावच्या लुबागच्या घरांना त्या शहरात बोलवून घेत होत्या, रक्त काढत होत्या, आजे-पणजे विचारत होत्या. आम्हीही गेलो. मनोंग मुंदो, रुफो आणि मी. मनांग नेल्फाला कुणी बोलावलं नव्हतं. ती सोबत म्हणून आली, भावांना धीर द्यायला. वाटेत खायला उकडलेली केळी घेतली होती तिने.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ विचारपूस केली. कोण गेलं, कोण कुणाचा कोण. आमच्या सासूचं माहेर कुठलं तेही विचारलं. ते नेग्रोसचं, समुद्रापलीकडचं. तिकडे हे कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोघा भावांकडे पाहिलं. म्हणाल्या, तुम्हाला दोघांना हा आजार नाही, आणि होणारही नाही.

रुफोला ते समजलंच नाही. त्याने पुन्हा विचारलं, आमच्या वडिलांना होता, मग आम्हाला कसा नाही?

बाईंनी समजावून सांगितलं. माणसाच्या अंगातल्या प्रत्येक कणात बाईची मांडणी वेगळी आणि पुरुषाची वेगळी असते म्हणाल्या. बाईकडे एका जातीची दोन गुणसूत्रं असतात, एक आईने दिलेलं, एक बापाने. एकात खोट असली तर दुसरं सांभाळून घेतं, म्हणून बाई आजारी पडत नाही. पुरुषाकडे त्या जातीचं एकच असतं आणि ते आईकडून आलेलं असतं. बाप मुलाला ते देतच नाही, दुसरंच आखूड गुणसूत्र देतो, ज्याने तो मुलगा होतो. या आजाराची खोट त्या पहिल्या जातीत आहे. तेव्हा हिलारियोनकडे जे होतं ते त्याने मुलांना दिलेलं असणं शक्यच नाही.

रुफो माझा हात धरून रडायला लागला. मनोंग मुंदो तसेच बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

मनांग नेल्फा हसत होती. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, बघ, उगाच आयुष्यभर तोंड पाडून बसलास. मग हसता हसता ती थांबली.

“मुलांना देत नाही,” ती म्हणाली. “मग मुलीला?”

डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. “मुलीला देतोच. प्रत्येक मुलीला. त्याच्याकडे दुसरं देण्यासारखं नसतंच.”

“मला काही झालेलं नाही.”

“तुम्हाला होणार नाही. तुमच्या आईचं चांगलं आहे ना तुमच्यापाशी.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुम्हाला मुलं किती?”

“मुलगे आहेत. दोन.”

“प्रत्येकाची शक्यता निम्मी.”

“निम्मी म्हणजे दोघांतल्या एकाला?”

“तसं नसतं बाई. दोघांनाही असेल, दोघांनाही नसेल. प्रत्येक वेळी नवा हिशोब.”

मनांगने केळ्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. म्हणाली, माझं रक्त घ्यायचं तर घ्या, मला होडी चुकवायची नाही.

परतीच्या वाटेत मनांगने केळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली. रुफोने पिशवीखाली माझा हात घट्ट धरला होता. बहिणीसमोर त्याला आनंद दाखवता येत नव्हता आणि लपवताही येत नव्हता. मलाही तो लपवता येत नव्हता. खोटं कशाला बोलू? माझी पोरं सुटली होती.

रुफोने पूर्वी कधीतरी गावच्या संताला नवस बोललेला, या घरावरचं संकट टळलं तर अख्खं डुक्कर भाजून गावजेवण घालीन. मी म्हटलं, आता नको, मनांगला कसं वाटेल. तो म्हणाला, संताला दिलेला शब्द आहे. मग जेवण झालं. मनांग नेल्फा सकाळीच आली, डोक्याला फडकं बांधलं आणि भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी बसली. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, “ऊठ म्हणून सांगू नकोस. घरी बसून काय करू?” दुपारी माडी चढलेला एक शेजारी अंगणात उभा राहून ओरडायला लागला, सुटले, हिलारियोनचे मुलगे सुटले. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. मनांग भात ढवळतच म्हणाली, “सुटले ना? मग वाढा त्याला, उपाशी दिसतोय.”

मनोंग मुंदो त्या जेवणाला नव्हते. आदल्या दिवशी बस धरून ते इलोइलोला गेले होते. लुझचं घर त्यांनी विचारत विचारत शोधलं. पुष्कळ दिवसांनी त्यांनी मला ते सांगितलं. लुझने दार उघडलं, आत बसवलं, नवऱ्याची ओळख करून दिली. कॉफी दिली, बिस्किटं दिली. तिच्या मुली कॉलेजात होत्या. तिने विचारलं, तब्येत कशी आहे?

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“ठणठणीत आहे म्हटलं.”

कॉफी संपवून बसने परत आले.

आमादोला मनांगने स्वतःच सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या बापाचं तू माझ्या घरात आणलंस. पुढच्या मोसमाला तो पालावानकडे मासेमारीला गेला. सुरुवातीला निरोप यायचे, मग ते थांबले. मुलं हाताशी आल्यावर मनांगने त्यांनाही जेवताना समोर बसवून सांगितलं. तिला लपवणं जमायचं नाही. रोमेल हसला आणि म्हणाला, मरायचंच आहे तर जग बघून मरतो. तो जहाजावर लागला. दिंदो ताट सोडून उठला आणि त्यानंतर आठवडाभर आईशी बोलला नाही.

रोमेलने पैसे पाठवले, घराला पत्र्याचं छप्पर आलं, त्याचं लग्न झालं. पस्तिशी ओलांडली आणि एक दिवस जहाजाच्या शिडीवर त्याचा पाय आत वळला, तो सरळ होईना. अधिकाऱ्यांना वाटलं, प्यायलाय. दुसऱ्या बंदरात उतरवून त्याला विमानाने घरी पाठवलं. मनांग त्याला आणायला विमानतळावर गेली होती. दुरूनच तिने त्याची चाल पाहिली. मला म्हणाली, “मी बापाला ओळखलं.” रोमेलची बायको वर्षभर टिकली, मग माहेरी गेली ती परतली नाही. तिला बोल लावावा असं मला कधी वाटलं नाही.

दिंदो तेव्हा तिशीच्या आत होता. मामाबरोबर कालवांचं काम करायचा. सिंता नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता, पण लग्नाचं काढलं की टाळायचा. गाव पुन्हा तेच म्हणायला लागलं, पोरगा मुंदोवर गेलाय, शहाणा आहे. ते शब्द मनोंगच्या कानावर गेले आणि ते भडकले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तसं पाहिलं. आमच्याच अंगणात, दिंदो जाळं विणत बसला होता तिथे ते येऊन उभे राहिले.

“तपासून घे,” ते म्हणाले. “आता रक्तावरून आधी कळतं म्हणतात.”

“आणि निघालं तर?”

“मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला खात्री होती. सगळ्या गावाला खात्री होती. पाद्र्याला खात्री होती. काय होतं रे माझ्या अंगात? काही नव्हतं.” त्यांचा आवाज फाटला. “नसलेल्या रोगाला भिऊन जन्म घालवला मी. तू तसं करू नकोस.”

दिंदो जाळं बाजूला ठेवून मामाकडे बघत राहिला. मामासारखा ठणठणीत म्हातारा पंचक्रोशीत नव्हता. समोरच उभा होता तो, पिकलेल्या केसांचा, सरळ कण्याचा. त्या सरळ कण्यानेच दिंदोला पटवलं असावं. तो तयार झाला. सिंताला त्याने सांगितलं की एकदा हे कळलं की आपण लग्न करू, आणि ती नवा झगा शिवायला टाकून आली.

मनांगला हे मान्य नव्हतं. ती म्हणाली, न कळलेलं तेवढं तरी पोराजवळ राहू दे. मनोंगनी ऐकलं नाही. ते स्वतः दिंदोला घेऊन इलोइलोला गेले, रक्त देऊन आले, आणि निकाल घ्यायलाही तेच बरोबर गेले.

संध्याकाळी होडी लागली तेव्हा मी मनांगपाशी रोमेलला भरवत होते. दिंदो पुढे चालत आला. मनोंग मागे होडीजवळच थांबले, दोर बांधायला वाकले ते उठेनात. दिंदोने आईकडे बघून हो म्हणून नुसती मान हलवली. मनांगने रोमेलचं तोंड पुसलं, वाटी माझ्या हातात दिली, आणि काठावर गेली. भावासमोर उभी राहून म्हणाली, “तू नेलंस त्याला.” तेवढंच. पुन्हा कधी ते तिच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मनोंग आपलं चंबूगबाळं घेऊन तिच्या घरी राहायला आले. तिने नको म्हटलं नाही.

सिंता दिंदोला सोडायला तयार नव्हती. तिच्या समाधानासाठी दोघं डॉक्टरांकडेही जाऊन आले. मुलगे झाले तर ते चांगलेच निघतील, असं डॉक्टर म्हणाले. सिंता आशेने मनांगकडे आली आणि सांगायला लागली, मुलगे सुटतात म्हणे. दिंदो तिथेच होता.

“आणि मुलगी झाली तर?” तो म्हणाला. “मुलगी झाली तर ती आईसारखी होणार. आईला मी रोज बघतो.”

मनांग उठून चुलीकडे गेली. पुढच्या वर्षी सिंताचं कालिबोच्या एका दुकानदाराशी लग्न झालं.

रोमेल त्यानंतर बरेच दिवस काढून गेला. शेवटी शेवटी त्याला पाठीवर झोपता यायचं नाही. दोन उशांमध्ये त्याला कुशीवर अडकवून ठेवावं लागे, आणि झोप लागली तेवढाच वेळ अंग सैल पडायचं. मनोंग त्याला लहान पोरासारखं उचलून अंघोळीला न्यायचे. सत्तरीतला माणूस चाळिशीच्या भाच्याला उचलतोय हे बघून नवखी माणसं थबकायची. मनिलात मेंदूत तारा घालून हे थोडं सैल करतात असं कुणीतरी सांगितलं, पण तो आपल्या आवाक्यातला भाग नव्हता. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि तो गेला. मनांग रडली नाही. दिंदोने पेटीला खांदा दिला, तेव्हा त्याची मान एका बाजूला झुकलेली मला दिसली. मला वाटलं ओझ्याने असेल. मनांगही तिकडेच बघत होती.

ओझ्याने नव्हती.

माझी दोन्ही मुलं इलोइलोला असतात. थोरला वीजकाम करतो, धाकटा बस चालवतो. ईस्टरच्या आठवड्यात दोघं बायकापोरांसह येतात, आणि आले की पहिलं मनांगकडे जातात. लहानपणी तिच्या हातची कालवं खाऊन वाढलेली पोरं. थोरला दिंदोला दाढी करून देतो, धाकटा त्याला खुर्चीत बांधून काठावर नेतो. मला त्याचं बरं वाटायचं.

यंदा त्या आठवड्याआधी मी पेज घेऊन गेले. मनांगने ती दिंदोला भरवली. त्याचं तोंड आता तिला एका हाताने धरून ठेवावं लागतं. मनोंग मुंदो मागे होडीला रंग देत होते. भरवून झाल्यावर ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. हल्ली तिचा आवाज पार खाली गेलाय, जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नाही.

“पोरं कधी येतायत?” तिने विचारलं.

गुरुवारी, मी म्हटलं.

“त्यांना इकडे पाठवू नकोस, पेर्ला.”

मला वाटलं, माझ्या पोरांच्या हातून काही चुकलं असेल. तसं मी विचारलंही.

“काही चुकलेलं नाही. गुणी आहेत ती.” तिने हात फडक्याला पुसले. “दारातून आत येतात, तेव्हा मी त्यांचे पाय बघते. दरवर्षी बघते. सरळ पडतायत म्हणून मला आनंद व्हायला हवा. होत नाही.”

मी पेजेचं भांडं जवळ ओढलं.

“त्यांचा दोष नाही,” ती म्हणाली. “तुझाही नाही. पण यंदा नको.”

मी रिकामं भांडं उचलून निघाले. घरी रुफोला सांगितलं. त्याला ते कळलं नाही, तो चिडला. म्हणाला, माझ्या बहिणीच्या घरी माझी पोरं जायची नाहीत तर कुठे जायची? मी समजवायच्या भानगडीत पडले नाही. गुरुवारी पोरं आली, तेव्हा मी सांगितलं की आत्याकडे जरा आजारपण जास्त आहे, पुढच्या वेळी जा. त्यांनी आणलेला सुकामेवा आणि दिंदोसाठीचा नवा शर्ट माझ्याजवळ ठेवला. रविवारी ती परत गेली, पुलाच्या रस्त्याने, तिच्या दारावरून न जाता.

शर्ट मी सोमवारी नेऊन दिला. मनांगने तो दिंदोला घालून बघितला. खांद्यापाशी बसत नव्हता. ती कात्री घेऊन शिवण उसवायला बसली, आणि मी तिच्यासमोर शर्टाची बाही ताणून धरली.